हवेत न गेलेलं नाव

वामनरावांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण वायरलेस काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी पोलीस खात्यात कानाला हेडफोन लावून काढली. त्याचा परिणाम असा की घरातही वाक्य संपलं की ते "ओव्हर" म्हणत, आणि समोरचा "ओव्हर" म्हणत नाही तोवर त्याचं बोलणं संपलं असं धरत नसत. वच्छलाबाईंनी हे इतकी वर्षं चालवून घेतलं, कारण त्यात त्यांचीही एक सोय होती. ज्या दिवशी भांडण व्हायचं, त्या दिवशी त्या बोलून झाल्यावर "ओव्हर" म्हणतच नसत. वामनराव बिचारे तासभर वाट पाहत बसत.

वायरलेसचा दुसरा नियम असा की हवेत कुणाचं नाव घ्यायचं नाही. हवा सगळ्यांची असते, कोण कुठं कान लावून बसलंय सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक ठाण्याला, प्रत्येक गाडीला एक टोपणनाव, आणि ज्याला बोलवायचं त्याचं टोपणनाव दोनदा पुकारायचं. चहा हवा असला की वामनराव ओसरीतून आवाज देत, "स्वयंपाकघर, स्वयंपाकघर, एक चहा. ओव्हर." आतून उत्तर येई, "मांडला. ओव्हर." नवऱ्यानं बायकोचं नाव सहसा घेऊ नये आणि बायकोनं नवऱ्याचं तर घेऊच नये, हा रिवाज गावात आधीपासून होताच. खात्यानं त्याला फक्त तांत्रिक आधार मिळवून दिला.

गाव सोनाळ्यापासून बारा किलोमीटर आत, सातपुड्याच्या पायथ्याशी. चार गावांत मिळून मोबाईलचा एक टॉवर, आणि त्या टॉवरवर कंपनीपेक्षा वानरांचा ताबा जास्त. अशा ठिकाणी वामनरावांनी अर्जावर अर्ज करून मोठ्या रस्त्यावरची फायबरची लाईन आपल्या घरापर्यंत ओढून आणली. गावातलं पहिलं वायफाय. राउटर बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "नाव काय देऊ?" वामनराव म्हणाले, "सातपुडा कंट्रोल." पासवर्ड टाकायच्या वेळी मात्र त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं, राउटरवाल्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं, आणि दाराकडे पाठ करून स्वतः टाईप केला. नंतर आठवडाभर अर्धं गाव त्यांच्या मोतीबिंदूची चौकशी करायला येऊन गेलं. येताना प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. वामनरावांनी प्रत्येकाला चहा दिला. पासवर्ड कुणालाच दिला नाही.

तो प्राचीलाही दिला नाही, आणि तिनं मागितलाही नाही. प्राची म्हणजे शेजारच्या इंद्रभानची मुलगी. इंद्रभान भाजीपाला लावतो. गावातली निम्मी वांगी त्याची आणि निम्मा गोंगाटही त्याचा. पोरगी मात्र हळू बोलणारी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. पुण्याच्या एका कंपनीत नेटवर्क टेक्निशियनच्या जागेसाठी तिची मुलाखत व्हायची होती, मोबाईलवरच. याआधी दोन मुलाखती झाल्या होत्या. पहिलीत रेंज गेली. दुसरीत तर रेंज अशा वेळी अडकली की प्राचीचा चेहरा आ वासलेल्या अवस्थेत अकरा मिनिटं पॅनलसमोर तसाच राहिला. नेटवर्कच्या कामासाठी आलेली मुलगी नेटवर्कअभावी गोठलेली पाहून साहेब लोकांनी काय ते ओळखलं. ही तिसरी कंपनी. मंगळवार, सकाळी अकरा. वेळ बदलून मिळणार नाही, असं त्यांनी पत्रातच लिहिलं होतं.

तयारीसाठी प्राचीनं वीस प्रश्न मराठीत लिहून काढले आणि ते विचारायला वच्छलाबाईंना बसवलं. सातवीत शाळा सुटलेल्या वच्छलाबाई आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी परीक्षा घेत होत्या. त्यासाठी त्या चष्मा पदराला पुसून घेत आणि पदर खांद्यावरून नीट ओढून बसत.

"मोठीमाय, तू मॅडम हाय असं समज. इचार पहिला प्रश्न."

"एस एस आय डी म्हंजे काय वं?"

"मॅडम 'वं' नाही म्हणत."

"मंग दुसरी मॅडम पाह्य. सांग."

"एस एस आय डी म्हंजे वायफायचं नाव. राउटर आपलं नाव सेकंदाले दहा खेपा हवेत पुकारते. 'मी अमुक, मी अमुक' म्हणून. तवाच तं आपल्या फोनवर लिस्ट दिसते."

"सेकंदाले दहा खेपा?" वच्छलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सोताचंच नाव? लाज नाही वाटत त्याले?"

ओसरीच्या टोकाला वामनराव खाटेवर पडून ऐकत असत. त्यांनी डोळे न उघडता सुधारणा केली, "हवेत नको म्हणू. माध्यमातून म्हण. ओव्हर."

हळूहळू वच्छलाबाईंना बरंच समजायला लागलं. चॅनेल म्हणजे नळावरच्या बायकांची पाळी. सगळ्या एकदम बोलल्या की कुणाचंच काही कळत नाही, त्याला इंटरफरन्स म्हणतात. वायफायचे पट्टे दोन असतात. दोन पॉइंट चारचा सावकाश चालतो, पण लांब जातो आणि भिंतीही ओलांडतो. पाचचा झपाट्यानं चालतो, पण भिंत आडवी आली की मान टाकतो.

"म्हंजे एक तुह्या बापाचा आवाज," वच्छलाबाई म्हणाल्या, "अन् एक तुहा."

प्राची इतकी हसली की पुढचे दोन प्रश्न राहून गेले.

चौदाव्या प्रश्नावर मात्र वच्छलाबाई दरवेळी थोड्या अडखळत. 'एकाच घरात एकाच नावाची दोन नेटवर्क असली, पासवर्ड वेगवेगळे, तर काय होतं?' प्राचीचं उत्तर पाठ होतं: "फोन गोंधळते. एकाचा पासवर्ड दुसऱ्याले देते अन् बाहेरच उभा राह्यते. म्हून एकाचं नाव बदला लागते." वच्छलाबाई "हं" म्हणत आणि पंधराव्याकडे वळत.

योग असा की वामनरावांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीखही मंगळवारचीच निघाली. मुलगा गोकुळ अकोल्याहून गाडी घेऊन आला आणि सोमवारीच त्यांना घेऊन निघाला. वच्छलाबाई भाकरी-ठेचा बांधून गाडीपाशी गेल्या, तेव्हा वामनरावांनी काच खाली केली, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "पासवर्ड लागलाच तं ध्यानात ठेव. या घरात हवेत कधीच न गेलेलं नाव. इंग्रजीत. सगळे बारके अक्षर, मधात जागा नाही. आउट."

'ओव्हर' म्हणजे आता तू बोल. 'आउट' म्हणजे संपलं, आता विचारू नको. वच्छलाबाईंना विचारायचं तर होतं. पण गोकुळनं हॉर्न दिला आणि गाडी निघून गेली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला वानरांची एक टोळी टॉवरवर चढली. तिथं त्यांचं आपसात काहीतरी बिनसलं आणि त्या झटापटीत एक केबल हातात आली. चारही गावांचे मोबाईल एकदम मुके झाले. दहा पस्तीसला प्राची मुलाखतीची नवी साडी नेसून, हातात मोबाईल घेऊन वच्छलाबाईंच्या अंगणात उभी होती. मागे इंद्रभान होता.

"मोठीमाय, रेंज गेली!"

"दुसऱ्या गावात जाऊन पाह्य नं."

"चारी गावची गेली, वहिनी," इंद्रभान म्हणाला. "सोनाळ्याचा रस्ता खोदून ठेवला हाय. तिथं पोचेपर्यंत पुण्याचे साहेब जेवाले बसतीन. एक तुमचंच वायफाय चालू हाय गावात. त्याले वानर पोचत नाही. दादाचा पासवर्ड सांगा."

वच्छलाबाईंनी आपला बटणाचा फोन उचलला आणि खाली ठेवला. अकोल्याला विचारायलाही तोच टॉवर लागत होता. आणि अकोल्याला या घडीला वामनरावांच्या डोळ्यात थेंब टाकून त्यांना निजवून ठेवलं असेल.

"दुसरा काही उपाय?" त्यांनी प्राचीला विचारलं. "तूच तं वीस प्रश्न पाठ केले."

"लॅपटॉप असता तं वायरनं जोडला असता. मोबाईलले जमत नाही. राउटरच्या मागं एक बारकं भोक हाय, पिन टोचली का राउटर सगळं विसरते, पासवर्डही."

"मंग टोच."

"कंपनीचं सेटिंगही विसरते, मोठीमाय. मंग खामगाववरून माणूस आल्याशिवाय चालू होत नाही."

"नको टोचू," वच्छलाबाई म्हणाल्या. "जाताना सांगून गेले. या घरात हवेत कधीच न गेलेलं नाव, म्हणे. इंग्रजीत, बारक्या अक्षरात."

"कोणाचं नाव?"

वच्छलाबाईंनी जमिनीकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या घरात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, हे सांगायची गरज नव्हती. "ह्यायचंच नाव असन," त्या म्हणाल्या. "माह्या तोंडून कधी गेलं हवेत?"

इंद्रभानची कळी खुलली. "वा रे दादा! सगळ्या गावाले माईत असलेलं नाव ठेवलं अन् कोणाले सुचलं नाही. टाक बे प्राची!"

प्राचीनं टाकलं. वामनराव, 'व्ही'नं. चुकीचा पासवर्ड. वामनराव, 'डब्ल्यू'नं. चुकीचा. शेवटी 'ओ'च्या जागी 'डब्ल्यू' लावून पाहिलं. चुकीचा. नुसतं वामन टाकायला गेली तर फोनचं बटणच दाबलं जाईना.

"आठ अक्षरं लागतेत कमीत कमी," ती म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "मोठीमाय, मोठेबाबाले दुसरं नाव हाय का? घरचं? लहानपणचं?"

वच्छलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं, आणि त्यावरून दोघांनाही कळलं की आहे.

हे नाव गावाला ठाऊक नव्हतं. वामनरावांच्या आधीची दोन मुलं राहिली नाहीत, म्हणून तिसऱ्याला दृष्ट लागू नये, मृत्यूनंही ज्याच्याकडे ढुंकून पाहू नये असं नाव ठेवलं होतं. ते आजोळी पडलं, आजोळीच राहिलं आणि शाळेत घालताना पुसलं गेलं. सासूबाईंनी शेवटच्या आजारात ते सुनेच्या कानात सांगितलं. वामनरावांनी दुसऱ्याच दिवशी बायकोला देवापुढं हात ठेवून, ते कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. पोलिसातल्या माणसाला ते शोभत नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात दहा पंचेचाळीस झाले होते. प्राची फोनकडे पाहत होती आणि तोंडानं प्रश्नांची उत्तरं पुटपुटत होती, कारण तोंड रिकामं राहिलं असतं तर रडू आलं असतं.

"सांगा नं, वहिनी," इंद्रभान म्हणाला. आवाज आज पहिल्यांदाच भिंत ओलांडून गेला नाही. "तसंच घ्याले जड जात असन तं उखाण्यात घ्या. उखाण्यात चालते."

वच्छलाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, दारातून आतल्या राउटरकडे तोंड केलं, जणू तोच हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांचा घोळका आहे, आणि एका दमात म्हणाल्या:

"वानरानं तोडली तार, रेंज गेली उडून,
दगडूरावाचं नाव घेतो, वायफाय द्या जोडून."

मग इंद्रभाननं खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. "दगडू!" दुपट्ट्यातून आवाज आला. "आमचे वायरलेस साहेब! दगडू!" त्याचे खांदे हलायला लागले. मग लेकीकडे लक्ष गेलं आणि ते थांबले.

प्राचीनं दगडूराव टाकलं. चुकीचा. एक अक्षर वाढवून टाकलं. चुकीचा. आणखी एक काढून, एक घालून टाकलं. राउटरवरचे हिरवे दिवे निवांत लुकलुकत होते. देवापुढं घेतलेली शपथ मोडली, नवऱ्याची अब्रू इंद्रभानच्या हवाली केली, आणि तरी दार बंदच.

दहा पन्नास. प्राची पायरीवर बसली. नवी साडी चुरगळेल याचंही तिला भान राहिलं नाही. "जाऊ दे, मोठीमाय," ती म्हणाली. "तू केलं तेवढंच लय झालं."

त्या 'लय झालं'नं वच्छलाबाईंचा जीव कासावीस झाला. ही पोर चार वर्षांची होती तेव्हापासून याच ओसरीत पाटीवर गिरवत होती, आणि आज तिलाच इथून रिकाम्या हातानं उठावं लागणार होतं. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी खिडकीतला प्रश्नांचा कागद उचलला आणि चष्मा पुसला.

"ऊठ. डोळे पूस. वेळ हाय तवर एक प्रश्न घे. मॅडम इचारून राह्यली." डोळ्यांपुढं चौदावाच आला. "एकाच घरात एकाच नावाची दोन नेटवर्क असली..."

"...तं फोन गोंधळते," प्राची नाकातून म्हणाली. "म्हून एकाचं नाव..."

"...बदला लागते," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि कागद हातात तसाच राहिला.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी डोणगावहून एक नवरी या घरात आली. घरात त्याच नावाची चुलतसासू आधीच होती, आणि ती अशी की एका घरात आपल्या नावाची दुसरी तिनं खपवून घेतली नसती. हाक एकीला मारली तर दोघी "ओ" देतील, स्वयंपाकघरात गोंधळ होईल, असं थोरांनी ठरवलं. मग तांदळाच्या ताटात नवऱ्या मुलानं अंगठीनं नवीन नाव लिहिलं, वच्छला, आणि लिहून झाल्यावर बायकोकडे एकदा पाहिलं. काही बोलला नाही. नवीन सुनेनं तांदळातलं नाव वाचलं, आणि जुनं मिटून ठेवलं. माहेरी आईबाप होते तोवर ते कधीमधी ऐकू येई. भाऊ तर ताईच म्हणतो. या घरात ते एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. चुलतसासूलाही सगळे काकूच म्हणत. वच्छलाबाईंना वाटत होतं, ते नाव आता फक्त आपल्यालाच माहीत आहे, आणि आपल्यालाही अर्धवटच.

"प्राची," त्या म्हणाल्या. "लिही. अन्नपूर्णा."

"कोण अन्नपूर्णा?"

"हाय एक. डोणगावची. तू लिही."

"यू लावू का दोन ओ?"

"जसं सुचते तसं लिही, बाई, पण लिही."

प्राचीनं 'यू' लावला. गोल चकरी फिरली. पुन्हा फिरली. मग फोनच्या वरच्या कोपऱ्यात पंख्यासारखी तीन-चार रेघांची खूण उमटली आणि एकामागून एक पंधरा मेसेज खणखणले.

"जुडलं!" इंद्रभान इतक्या जोरात ओरडला की झाडावरची वानरंही दचकली.

वच्छलाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. गेले आठ दिवस हा डबा अर्ध्या गावाला बाहेर उभं करत होता. त्याला कुणाचंच नाव चाललं नव्हतं. खुद्द मालकाचंही नाही. एकच नाव चालत होतं. आणि आपण काही न कळता रोज सकाळी त्याच्यावरची नुसती धूळ पुसत होतो.

पण आता त्यावर थांबायला वेळ नव्हता. दहा पंचावन्न झाले होते. त्यांनी प्राचीला राउटरच्या खोलीतच बसवलं ("मधात भिंत नको, पाचचा पट्टा मान टाकते"), दार लोटून घेतलं आणि स्वतः बाहेर पाट टाकून बसल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी गावाचा एक कोपरा शांत ठेवला. इंद्रभानला वांग्यात पाठवलं. कुणाची तरी बकरी आली तिला नुसत्या डोळ्यांनी जागीच थोपवलं. गिरणीवर निरोप धाडला की अर्धा तास पीठ नको. गिरणीवाल्यानं कारण विचारलं नाही. वच्छलाबाई कधी काही मागत नसत, त्यामुळे मागितलं की ते खरंच लागत असणार, एवढं गावाला कळत होतं.

आतून तुटक तुटक ऐकू येत होतं. प्राचीचा आवाज आधी बारीक होता, मग सरळ झाला. एका साहेबांनी मराठीतच विचारलं, "समजा, एकाच घरात एकाच नावाची दोन नेटवर्क आहेत. मग काय कराल?"

"एकाचं नाव बदलावं लागेल, सर."

"कोणत्याचं?"

वच्छलाबाई पाटावर ताठ झाल्या.

"सर, बहुतेक जण नवीन आलेल्याचं बदलतात," प्राची म्हणाली. "पण जुन्या नावाची कुठंतरी नोंद ठेवावी. कधीतरी लागतं."

साहेब हसल्याचा आवाज आला. वच्छलाबाईंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि ते चष्मा पुसण्याकरताच होतं असं समोरच्या बकरीला दाखवून दिलं.

गुरुवारी निवड झाल्याचा मेल आला. आला तोही याच ओसरीत, कारण टॉवर अजून वानरांच्या अंमलाखालीच होता. प्राचीनं तो आधी वच्छलाबाईंना वाचून दाखवला आणि मग बापाला. पाया पडताना ती काहीतरी लांबलचक म्हणणार होती, पण तिला एवढंच जमलं, "मॅडम, पास झालो." वच्छलाबाईंनी तिला उठवून जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "पुण्याले गेली का सगळ्याईले सांगजो, वीस प्रश्न कोणी इचारले थे."

इंद्रभान घरातली सगळ्यात मोठी टोपली भरून वांगी घेऊन आला. आभार वगैरे शब्द त्याच्या बोलण्यात नव्हते. "जास्त निघाले होते," तो म्हणाला, आणि टोपली ठेवून तिथंच घुटमळत राहिला. दर हंगामात वानरांमागे फटाके घेऊन धावणाऱ्या या माणसानं दोन दिवस एकाही वानराला दगड मारला नव्हता. उलट कुंपणापाशी चार वांगी वेगळी ठेवलेली दिसली. "सडके होते," तो म्हणाला. सडकी नव्हती.

शुक्रवारी दुपारी वामनराव परतले, डोळ्यांवर काळा चष्मा, खिशात थेंबांच्या तीन बाटल्या. गाडीतून पाय खाली टेकतो न टेकतो तोच कुंपणापलीकडून दोन पॉइंट चारचा आवाज आला, "राम राम, दगडूराव!"

वामनराव जागीच थांबले. काळ्या चष्म्याआड काय चाललं होतं ते कुणालाच दिसलं नाही. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग आत येऊन खाटेवर बसले.

"माह्या नावाचा बोभाटा झाला," ते म्हणाले. 'ओव्हर' म्हणाले नाहीत.

"झाला," वच्छलाबाई पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाल्या. "प्राचीची मुलाखत होती. तुमीनच म्हटलं होतं, हवेत न गेलेलं नाव. मले वाटलं तुमचं."

"माह्यं कसं असन? मी सांगून राह्यलो होतो. मी न घेतलेलं." वामनराव पाणी प्याले. "पोरीचं झालं का?"

"झालं. पास झाली."

"कोणत्या नावानं?"

वच्छलाबाईंनी तांब्या परत घेतला. उत्तर द्यायची गरज नव्हती. पोरगी पास झाली होती म्हणजे नाव बरोबर लागलं होतं. त्यांना विचारायचं होतं की एवढी वर्षं ध्यानात ठेवलं तर एकदा म्हणून का नाही दाखवलं. पण तोंडातून भलतंच निघालं, "सांगून गेले असते तं काय बिघडलं असतं?"

"गोकुळ हॉर्न देऊन राह्यला होता." वामनरावांनी काळा चष्मा सारखा केला. "अन् नाव घ्याची सवय नाही. तांदळात लिहिलं तवा मले तेच लिहावसं वाटत होतं, जुनंच. पण काकू समोर उभी होती."

वच्छलाबाई आत गेल्या. त्यांनी वांगी काढून विळी घेतली, आणि एक वांगं हातात धरून कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. एका माणसानं एक्केचाळीस वर्षं एक नाव कुणाला ऐकू जाणार नाही असं जपून ठेवलं, आणि ठेवलं तेही अशा ठिकाणी की त्याच्यावाचून घराचं दारच उघडू नये. याबद्दल काय म्हणतात, ते त्यांना माहीत नव्हतं. इंद्रभानप्रमाणे त्यांच्याकडेही अशा गोष्टींसाठी शब्द नव्हता. त्यांनी सगळ्यात कोवळी वांगी भरण्यासाठी बाजूला काढली. वामनरावांना भरली वांगी आवडत.

ओसरीतून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग खाट करकरली. मग वामनरावांनी, खात्यात असताना मुख्यालयाला लावत तसा खणखणीत, पूर्ण गावाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"अन्नपूर्णा, अन्नपूर्णा. सातपुडा कंट्रोल बोलून राह्यलो. आवाज येते का? ओव्हर."

कुंपणापलीकडे इंद्रभानचं कुदळ मारणं थांबलं.

वच्छलाबाईंच्या हातातलं वांगं ताटात पडलं. त्यांनी पदर सारखा केला, दाराकडे तोंड केलं.

"सातपुडा कंट्रोल," त्या म्हणाल्या, "साफ येऊन राह्यला आवाज. चहा मांडला. ओव्हर."

आणि 'आउट' काही केल्या दोघांपैकी कुणीच म्हणेना.